सोनचाफ्याचा पिवळा : एका लग्नाच्या केकचा माझा अनुभव

गिऱ्हाईक चिकट असलं तरी माझं काही बिघडत नाही. चिकट माणसाला निदान आपल्याला काय हवंय ते माहीत असतं. डोक्याला ताप होतो तो गिऱ्हाईक नेमकं कोण हेच कळत नाही तेव्हा. मागच्या मे महिन्यातल्या एका ऑर्डरचा राग माझा अजून उतरलेला नाही. नवीन मुली विचारतात, "घरून लग्नाचे केक करायचेत, काय काळजी घ्यायची?" त्यांना मी आता ओव्हनचं सांगायच्या आधी हेच सांगते.

मी वसईची. आमच्याकडे ख्रिस्ती लग्नात केक कापल्याशिवाय रिसेप्शन पुढे सरकत नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि नाताळआधीच्या आगमनकाळात सहसा लग्नं लागत नाहीत, त्यामुळे सगळी गर्दी नाताळनंतर आणि मग ईस्टरनंतर. म्हणजे मे महिना, खारा दमट वारा, आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. फूड लायसन्सचं लोक उगाच भय घालतात. मी केलं तेव्हा 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला नुसतं रजिस्ट्रेशन पुरत होतं, वर्षाला 100 रुपये. ऑनलाइन झालं, 14 आकडी नंबर बिलावर छापला, विषय संपला.

तर ही ऑर्डर. नवरी आणि तिची आई घरी आल्या, चव बघितली, अॅडव्हान्स दिला. तीन मजले ठरले. खाली चॉकलेट ट्रफल, मध्ये व्हॅनिला, आणि सर्वांत वर आजीसाठी रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याचा जुन्या पद्धतीचा फ्रूट केक. सगळं गोडीत. (चव दाखवायचे पैसे घ्या. आधी मला लाज वाटायची. आता छोटा बॉक्स विकत देते आणि ऑर्डर पक्की झाली की बिलातून वजा करते. फुकट चव बघणारी अर्धी मंडळी गायब झाली.)

अडलं ते डिझाइनपाशी. नवरीला पांढरा केक आणि त्यावर खरी सोनचाफ्याची फुलं हवी होती. आईला फाँडंट (केकवर चढवायचा लाटलेल्या साखरेचा थर) नको होतं, "साखरेचा रबर चघळल्यासारखं लागतं" म्हणून. मग नवरदेवाच्या दुबईच्या आत्यांनी इंटरनेटवरून एक फोटो पाठवला. पाच मजली, कडा सुरीने कापल्यासारख्या, अंगावर कापडासारख्या चुण्या. तो पूर्ण फाँडंटचा होता. म्हणजे दिसायला आत्यांचा, खायला आईंचा, आणि वर नवरीची फुलं. नवरदेवाला विचारलं तर तो म्हणाला, "आंटी, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." हे वाक्य ऐकलं की समजायचं, या माणसाचा उपयोग नाही.

पैसे दोन्ही घरं निम्मे-निम्मे देणार होती, त्यामुळे प्रत्येकाला वाटायचं आपलाच शब्द शेवटचा. त्यासाठी व्हॉट्सअॅपचा ग्रुप निघाला. मला त्यात घातलं आणि माझी झोप गेली. रात्री अकरानंतर दुबईहून व्हॉइस मेसेज, सकाळी सहाला आईंचा फोन. प्रत्येकाची सुरुवात एकच, "फक्त एवढंच बदला." मी समजावून थकले. मांडव उघड्या मैदानात आहे, एसी नाही. मे महिन्यात व्हिप्ड क्रीमचा तीन मजली केक तिथे दोन-तीन तास ताठ उभा राहील याची हमी मी देऊ शकत नाही. बटरक्रीमही ओघळेल. फाँडंट टिकतं, पण फ्रिजमधून थेट दमट हवेत काढलं तर त्याला घाम फुटतो आणि ते चिकट होतं. मधला मार्ग म्हणजे आत घट्ट गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) आणि वर पातळ लाटलेलं फाँडंट, ज्याला खायचं नाही तो सोलून बाजूला ठेवेल. हे मी लिहून पाठवलं. आत्यांचं उत्तर, "दुबईत तर होतं." दुबईतला हॉल थंडगार असतो, आत्याबाई.

फुलांवरून तर कहर झाला. नवरीचे बाबा म्हणाले, "चाफा आपल्याच वाडीतला आहे, टोपलीभर घेऊन जा." पण बाजारासाठी लावलेल्या फुलांवर औषध मारलेलं असतं, ती खाण्याच्या वस्तूवर कशी ठेवायची? त्यात सोनचाफा उन्हात तोडला की संध्याकाळपर्यंत कडेने तपकिरी पडतो. फोटोत केकवर सुकलेली फुलं आली तर नाव कोणाचं जाणार? मी साखरेची फुलं सुचवली. एकेक पाकळी लाटून, वाळवून, रंग मारून करावी लागते, त्याचे वेगळे पैसे होतील म्हटलं. ग्रुपवर लगेच, "फुलाचे पैसे? फुलं तर वाडीत फुकट आहेत!" ते पटवलं, तर पुढचा वाद पिवळ्या रंगाचा. एकीच्या फोनवर तो हळदीसारखा दिसे, दुसरीच्या फोनवर लिंबासारखा. रंगाचं कधीही फोनवरून ठरवू नका. शेवटी करवल्यांच्या गाऊनच्या कापडाचा तुकडा मागवला आणि त्याच्याशी जुळवला. ही युक्ती मात्र झकास आहे, आता प्रत्येक ऑर्डरला वापरते.

तरी गाडी पुढे जाईना. पाच मजले की तीन, यावर ग्रुपवर भांडणं सुरू झाली, आणि त्यात आई आणि आत्यांची जुनी देणी-घेणीही निघाली. ती वाचायला मला कोणी पैसे दिले नव्हते. मग मी फुलं करायचीच थांबवली. कागदावर पेन्सिलने केकचं चित्र काढलं, प्रत्येक मजल्यावर चव, वजन आणि रंग लिहिला, खाली किंमत. फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "निर्णय नवरी देईल, बाकी कोणाचा निरोप मी धरणार नाही. रविवारपर्यंत बदल कळवा. त्यानंतरच्या बदलाचे वेगळे पैसे. उत्तर नाही आलं तर चित्राप्रमाणे करेन. पाच मजले हवे असतील तर खालचे दोन डमी (नुसते दाखवायचे खोटे मजले), त्याचा खर्च वेगळा." पाठवल्यावर हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. ऑर्डर गेली असं धरूनच चाललेले.

दिवसभर ग्रुप चिडीचूप. संध्याकाळी बाबांचा फोन, "बाय, तू कर गं. डमी लाव. मी बघतो इकडे." त्या माणसाला मी त्या दिवशी मनातल्या मनात नमस्कार केला.

पुढचं सगळं सुरळीत. मजले वेगवेगळ्या डब्यांतून गाडीने नेले आणि मांडवात जाऊन रचले. रचलेला केक घेऊन वसईच्या खड्ड्यांतून जायचं धाडस करू नका. प्रत्येक मजल्याखाली पुठ्ठ्याचा बोर्ड आणि आत आधाराच्या काड्या हव्यातच, नाहीतर वरचा फ्रूट केक स्वतःच्या वजनाने खाली बसतो. तो दिसतो लहान, पण हाताला दगड लागतो. टेबल आधी हलवून बघा. मांडववाल्यांच्या टेबलाचा एक पाय नेहमी हवेत असतो.

दुबईच्या आत्यांनी केकबरोबर इतके फोटो काढले की नवरीला जागा मिळेना. "मीच पसंत केलाय" असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. मी पडद्यामागे उभी राहून ऐकलं आणि काही बोलले नाही, कारण बाकीचे पैसे आठवडाभर आधीच घेतले होते. हे पाळाच. निम्मे बुकिंगला, निम्मे आठवडाभर आधी. मांडवात पैसे मागायला गेलात तर बाबा फादरांजवळ बसलेले असतात, काका बँडवाल्याशी भांडत असतात आणि पाकीट कोणाकडे आहे ते कोणालाच ठाऊक नसतं.

अजून एक राहिलंच. पाहुणे जास्त असतील तर दाखवायचा केक मोठा करत बसू नका. एका किलोत साधारण दहा-बारा जणांचे बरे तुकडे होतात. चारशे पाहुण्यांचा हिशेब मजल्यांत धरलात तर केक नव्हे, मनोरा होईल. कापायला हा केक, आणि वाटायला आतल्या बाजूला त्याच चवीचे साधे स्लॅब, म्हणजे बिनसजावटीचे सपाट केक. वाढपी ते कापून देतात, कोणाला फरक कळत नाही, खर्चही कमी.

आणि स्टँडचं डिपॉझिट घ्या. माझा चांगला स्टीलचा स्टँड आणि दोन्ही डमी त्या लग्नातून परत यायला पावसाळा उजाडला, तेही मीच रिक्षा करून आणले. विचारलं तर म्हणे, त्यावर मनीप्लांट ठेवला होता, छान दिसत होता.