क्लिक झालं म्हणजे झालं नाही

ट्रेनिंगच्या पहिल्याच तासाला मी सगळ्यांना हात मागे करून दहा मिनिटं बेड्या घालून ठेवतो. उद्या ज्याला दुसऱ्याला घालायच्यात त्याला त्या आधी स्वतःच्या मनगटावर कळायला पाहिजेत, हे माझं ठाम मत आहे.

या बॅचमधल्या एका पोराने जोडीदाराला झक्कास पकडलं, हात मागे, तळवे बाहेर, दोन्ही क्लिक एका दमात, नुसता डबल लॉक, म्हणजे कडं आहे तिथेच पक्कं करणं, तेवढं राहिलं. जोडीदार खाली बसला, भिंतीला टेकला आणि कटकट करत कडं अजून तीन दात आत गेलं! कारण हे दात एकाच दिशेने सरकतात, घट्ट होत जातात पण सैल होत नाहीत. डबल लॉकसाठी किल्लीच्या टोकाची बारीक पिन दाबली की कडं ना पुढे ना मागे, दोन सेकंदाचं काम आहे हो. सोडवलं तेव्हा त्याच्या अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या आलेल्या. तिथली नस अगदी कातडीखाली असते, जास्त दाबली गेली तर बधिरपणा कित्येक आठवडे जात नाही. म्हणून कडं आणि मनगट यांच्यात बोटाचं टोक जातंय का ते दरवेळी बघायचंच.

पण माझा खरा जीव अडकतो तो पालथ्या पाडलेल्या माणसात. झटापटीने आधीच धाप लागलेली, हात मागे, त्यात कुणाचा गुडघा पाठीवर, मग छाती फुलणार कशी? आणि तो श्वासासाठी हलतो ते आपल्याला प्रतिकार वाटतो आणि आपण अजून दाबतो, सगळ्यात भयंकर चूक हीच. बेडी लागली की लगेच पोटावरून उठवा, हे अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९५ सालीच लिहून दिलेलं, तरी २५ मे २०२० ला तिथलाच जॉर्ज फ्लॉइड बेड्या घातलेल्या अवस्थेत नऊ मिनिटांहून जास्त वेळ पोलिसाच्या गुडघ्याखाली होता आणि त्यातच गेला. "श्वास येत नाहीये" असं कोणी म्हणालं तर बोलतोय म्हणजे येतोय असला हिशोब माझ्या वर्गात चालत नाही, आधी कुशीवर वळवायचं, मग बसवायचं, आणि नजर त्याच्यावरून हटवायची नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच पोराने क्लिक केलं, बोट घालून बघितलं, डबल लॉक केला, जोडीदाराला कुशीवर घेतलं आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, "श्वास नीट येतोय ना?"