थेंब टाकण्याआधी बाहुल्या बघा हो!

न्यूरॉलॉजिस्टांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं: मायग्रेनच्या वेळी डावी बाहुली मोठी दिसते, नेत्रतज्ज्ञांनी बाहुल्या तपासाव्यात. केसपेपर झाला, चष्म्याचा नंबर काढून झाला. घोडं पेंड खाल्लं ते थेंबांपाशी.

पुण्यातल्या त्या डोळ्यांच्या ओपीडीत रांगेतल्या सरसकट सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब पडतात. ‘आधी डॉक्टरांना बाहुल्या बघू द्या’ म्हटलं, तर उत्तर आलं, ‘ताई, थेंब टाकल्याशिवाय सर बघतच नाहीत.’ या थेंबांत बहुधा ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फेनिलएफ्रिन ५ टक्के असतं. पहिलं बाहुली आकुंचित करणारा स्नायू सैल करतं, दुसरं ती रुंद करणारा स्नायू ताणतं. अर्ध्या तासात दोन्ही बाहुल्या टपोऱ्या होतात, टॉर्च मारा नाहीतर नका मारू. म्हणजे जे तपासायला आलो तेच पुसलं गेलं, आणि तेही चार-सहा तासांसाठी! मग डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) बघून ‘नॉर्मल’ असा शेरा मिळतो. मायग्रेनमध्ये पडदा नॉर्मलच असतो, प्रश्न तो नव्हताच. तेव्हा चिठ्ठीवरच ‘डायलेट करण्याआधी’ (म्हणजे थेंबांनी बाहुली मोठी करण्याआधी) हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि थेंबवाल्या सिस्टरना आधीच दाखवा.

खरी तपासणी पाच मिनिटांची. नजर लांब ठेवायची, टॉर्च हनुवटीखालून, मापपट्टी डोळ्याशेजारी. एकदा अंधारात, एकदा उजेडात. फरक अंधारात वाढला तर लहान बाहुलीत दोष, उजेडात वाढला तर मोठीत. अंधारात-उजेडात सारखाच आणि १ मिलिमीटरच्या आत असेल तर तो बहुधा जन्माचाच. जुने फोटो मोठे करून बघा. मायग्रेनमधली मोठी बाहुली काही तासांत पूर्ववत होते, म्हणून दुखत असतानाच खिडकीपाशी आणि अंधाऱ्या खोलीत फोटो काढून ठेवावेत. नुसत्या बाहुलीवरून मायग्रेनचं निदान मात्र होत नाही.

थेंबांनंतर स्कूटर नको, रिक्षा करा.

पापणी पडली, एकाचे दोन दिसू लागले, किंवा डोळा लाल होऊन दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा. मायग्रेन टाळण्यासाठी दिलं जाणारं टोपिरामेट हे औषध नुकतंच सुरू झालं असेल आणि अचानक धूसर दिसू लागलं, तरीही तेच.

बागकाम करणाऱ्यांनी तेही डॉक्टरांना सांगावं. धोतऱ्याच्या झाडाला लागलेला हात डोळ्याला लागला तरी एकच बाहुली मोठी होते, आणि ती बाहुली लहान करणाऱ्या १ टक्का पिलोकार्पिनच्या थेंबांनाही दाद देत नाही.