एका पोचपावतीसाठी अकरा आठवडे

जखमेवर बांधायची निळ्या एलईडीची पट्टी हा माझा एमएस्सीचा प्रकल्प. औषधांना दाद न देणारा एमआरएसए हा जिवाणू ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने मरतो का, ते बघायचं होतं. जिवाणूच्या पेशीतलं पॉर्फिरिन हे रंगद्रव्य हा प्रकाश शोषतं आणि ऑक्सिजनचं असं रूप तयार होतं, की पेशी आतूनच जळते. क्रेप बँडेजवर एलईडी शिवले, सर्किट जमलं. अडलं ते कागदावर.

जिवाणू हवे होते रुग्णांच्या जखमांमधले, ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या लॅबमधून. आमची जैवसुरक्षा समिती म्हणाली, आधी रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणा. तिथले क्लार्क म्हणाले, "मॅडम, आधी तुमच्या कॉलेजची मंजुरी, मग अर्ज घेऊ." घणसोली-ठाणे सहा फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीत अर्ज ठेवून घेतला, पण आवक क्रमांक दिला नाही. सहाव्या फेरीत अर्जच सापडेना! जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मी समोरच्या बाकावर बसून होते. घरी बाबांच्या पायाची मधुमेहातली जखम चार महिने चिघळत होती, कल्चर रिपोर्टात औषधामागून औषधापुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, दाद देत नाही, असं येत होतं. मला एक शिक्का मिळत नव्हता. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी गाइड मॅडमनी दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज द्यायला लावले, प्रत्येकात 'दुसऱ्या समितीच्या मंजुरीच्या अधीन राहून' असं वाक्य घालून. असा प्रकल्प करणाऱ्यांना माझं सांगणं: झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. रुग्णाचं नाव, वय, केस नंबर काहीही नको, फक्त वेगळा केलेला जिवाणू हवा, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. मी ते चौथ्या पानावर लिहिलं होतं.

आणि हो, वाट बघत बसू नका. एटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहातला ४३३०० क्रमांकाचा प्रमाणित एमआरएसए मागवून काम सुरू करता येतं, मला ते उशिरा सुचलं. जिवाणू लावलेली एक प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून त्याच तापमानाला शेजारी ठेवा, नाहीतर जिवाणू प्रकाशाने मेले की उष्णतेने, हे सांगता येत नाही. दर चौरस सेंटिमीटरला २० मिलिवॅट प्रकाश एक तास दिला की ७२ ज्यूल होतात. अंगावर बांधायच्या पट्टीत तीव्रता कमी आणि वेळ जास्त ठेवावा लागतो, कातडीला चटका बसता कामा नये.

अकराव्या आठवड्यात मंजुरी आली. पुढच्याच आठवड्यात इन्क्युबेटरमधून प्लेट काढली, तर पिवळसर वाढीच्या मधोमध एलईडीखालचा भाग स्वच्छ दिसत होता. ही पट्टी माणसाला बांधायला अजून बराच अवकाश आहे, हे बाबांना सांगितलं. त्यांनी प्लेटचा फोटो मागून घेतला.