तीन सेंटिमीटरची मिळकत

स्टोरहामार या नॉर्वेच्या आइस हॉकी क्लबची खरी मिळकत जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीची आहे. लांबी ६० मीटर, रुंदी ३०. वितळवून मोजायची तर पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी. करंडक कपाटात राहतात, खेळाडू करार संपला की दुसऱ्या गावी जातात, प्रशिक्षक तर त्याहून लवकर. बर्फ तेवढा दर हंगामात नव्याने घालावा लागतो, आणि क्लबचं बरंवाईट बरंचसं त्यावरच ठरतं.

क्लब १९५७ चा. गाव हामार, नॉर्वेतल्या सगळ्यात मोठ्या सरोवराच्या, म्योसाच्या काठावरचं. स्टोरहामार हे तिथल्या एका जुन्या शेतवाडीचं नाव. त्या वाडीशेजारी मध्ययुगीन कॅथीड्रलचे भग्नावशेष आहेत आणि ते पावसाबर्फात झिजू नयेत म्हणून १९९८ मध्ये त्यांच्यावर अख्खं काचेचं छप्पर उभारलं. छपराची किंमत या गावाला चांगली कळते.

हॉकीला तर ती कळावीच लागते. उघड्यावरचा बर्फ हवामानाच्या मर्जीचा. थंडी उशिरा आली की सराव उशिरा, मध्येच ऊबदार वारा सुटला की वर पाण्याचा थर, रात्री बर्फ पडला की सकाळी आधी फावडी आणि मग स्केट्स. नॉर्वेच्या विजेत्यांची यादी वाचताना छपरांच्या आणि यंत्रांच्या तारखा शेजारी ठेवाव्यात. ऑस्लोत १९५२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी योर्डालचं कृत्रिम बर्फाचं मैदान झालं. त्याच मैदानावरच्या व्होलेरेंगा क्लबने १९६० मध्ये पहिलं विजेतेपद घेतलं आणि पुढचं दशक जवळजवळ खिशात घातलं. योर्डालवर छप्पर मात्र १९७१ मध्ये आलं. मग १९९४ चं ऑलिंपिक लिलेहामरला मिळालं आणि म्योसाच्या आसपास हॉलच हॉल उभे राहिले. यव्हिक गावात तर डोंगर पोखरून, ६१ मीटर रुंदीच्या गुहेत, हॉकीचं मैदान केलं. १९९४ मध्येच राष्ट्रीय विजेतेपद लिलेहामरच्या क्लबला. पुढे १९९५, १९९६, १९९७ अशी सलग तीन वर्षं स्टोरहामार. त्यांचा हॉल १९९२ मध्ये उघडला होता. सगळं श्रेय छपराला द्यायचं नाही, पण हा निव्वळ योगायोग आहे असं म्हणणाऱ्याने बर्फावर कधी सराव केलेला नसावा.

गंमत अशी की हामारचा हा हॉल ऑलिंपिकमध्ये हॉकीसाठी वापरलाच नाही. तिथे फिगर स्केटिंग आणि शॉर्ट ट्रॅक, म्हणजे छोट्या रिंगणातल्या स्केटिंग शर्यती, झाल्या. या खेळांची बर्फाकडून मागणी वेगवेगळी. फिगर स्केटिंगवाल्यांना पृष्ठभाग उणे तीन-चार अंशांचा, किंचित मऊ लागतो. उडी मारून खाली येताना पातं जरा रुतलं पाहिजे, बर्फाचे टवके उडता कामा नयेत. हॉकीवाल्यांना तोच उणे पाच-सहा हवा, कारण मऊ बर्फात चर पडतात आणि पक, म्हणजे खेळाची चकती, अडखळते. सकाळी फिगर आणि संध्याकाळी हॉकी असं एकाच हॉलमध्ये असलं की बर्फ सांभाळणारा माणूस दोघांच्याही शिव्या खातो.

हा बर्फ एकदम ओतून होत नाही. खाली काँक्रीट, त्यात नळ्यांचं जाळं, नळ्यांतून उणे नऊ-दहा अंशांचं खारं पाणी किंवा ग्लायकॉल फिरत असतं. गार काँक्रीटवर आधी पाण्याचा नुसता फवारा. तो धरला की पांढरा रंग, त्यावर पुन्हा पातळ पाणी, मग लाल-निळे पट्टे, आणि त्यानंतर थरावर थर. अंगण सारवण्यासारखंच हे काम, जाड हात फिरवला की पोपडे निघणार. घाईने भरपूर पाणी सोडलं तर वरची साय आधी गोठते, खाली हवा आणि पाणी अडकतं, आणि तिथे खेळाडू पहिल्यांदा करकचून थांबला की खड्डा. जास्त जाड बर्फही नको. बर्फ स्वतःच उष्णता अडवतो, म्हणून पाच सेंटिमीटर झाला की कॉम्प्रेसर रात्रंदिवस धापा टाकतो आणि वरचा थर तरी मऊच राहतो.

सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन पिरियडचा. दोन पिरियडच्या मध्ये जे यंत्र फिरतं ते आधी पात्याने बर्फ तासतं, भुगा उचलतं आणि मागच्या ओल्या कापडाने साधारण साठ अंशांचं गरम पाणी पसरतं. गरम अशासाठी, की ते ओरखड्यांच्या कडा वितळवून त्यांच्याशी एकजीव होतं, शिवाय गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते. मैदानाभोवतीच्या फळ्यांलगत मात्र यंत्राचं पातं नीट पोचत नाही. तिथे बर्फ चढत जातो, आणि आठवडाभर कुणी कडा तासल्या नाहीत तर मैदानाची बशी होते.

या सगळ्याची परीक्षा १२ मार्च २०१७ च्या रविवारी झाली. उपांत्यपूर्व फेरीतला पाचवा सामना, समोर सार्प्सबोर्गचा स्पार्टा. ६० मिनिटांनंतर १-१. नॉर्वेच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, पेनल्टी शॉट्सने निकाल लावत नाहीत, गोल होईपर्यंत २०-२० मिनिटांचे जादा पिरियड. एक, दोन, तीन, सात झाले. आठव्यात, एकूण २१७ मिनिटं १४ सेकंदांवर, स्टोरहामारच्या योआकिम येन्सेनने गोल केला तेव्हा सोमवारच्या पहाटेचे अडीच वाजून गेले होते. १९३६ मधला डेट्रॉइट आणि माँट्रियलचा १७६ मिनिटांचा, सर्वांत लांब सामन्याचा जुना विक्रम केव्हाच मागे पडला होता.

अकरा पिरियड म्हणजे मधल्या विश्रांती दहा. यंत्राच्या एका फेरीला ४०० लिटर पाणी धरलं तरी रात्रीत ४,००० लिटर, म्हणजे मैदानभर सव्वादोन मिलिमीटरची भर. तेवढंच तासलं नाही तर पहाटेपर्यंत बर्फ जाड आणि ढिला. गर्दीच्या श्वासाची वाफ वेगळी. ती पृष्ठभागावर दहिवर होऊन बसते आणि पकला धरून ठेवते. पक म्हणजे १५६ ते १७० ग्रॅमची रबराची चकती. गार नसेल तर ती चेंडूसारखी उसळते, म्हणून सामन्याआधी फ्रीझरमध्ये ठेवतात. जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीच्या स्केटच्या पात्याला मधोमध पन्हळ काढलेली असते, पकड देतात तिच्या दोन्ही बाजूंच्या धारा. पन्हळ खोल तर पकड घट्ट, पण पाय लवकर भरून येतात. उथळ तर सरकणं हलकं, पण वळताना घसरण्याची भीती. एरवी एका सामन्याला पुरणाऱ्या धारेवर इथे साडेतीन सामन्यांहून जास्त खेळ झाला.

एवढं करून मालिका स्टोरहामारच्या बाजूने ३-२ झाली, एवढंच. निकालाला आणखी एक विजय हवा होता. त्या हंगामाचं विजेतेपद स्टॅव्हेंगर ऑइलर्सने नेलं. स्टोरहामारचं आधीचं विजेतेपद २००८ चं होतं, त्यानंतरचं आलं ते २०१८ मध्ये.