काळा कातळ, निळा बर्फ: थंडीत आइसलँडचा दक्षिण किनारा

थंडीत आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्याची सहल निघते ती मिट्ट काळोखात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रेक्याविकला सूर्य दहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत मावळतो. जे काही बघायचं ते या साडेसात तासांत बसवायचं, म्हणून मिनीबस आठलाच हलते आणि पहिला मोठा टप्पा अंधारात उरकून घेते. बसमधली निम्मी मंडळी चढल्या चढल्या पुन्हा झोपली. आम्ही चौघं मात्र टक्क जागे: मी, ताई, भावोजी आणि कॉलेजात जाणारी भाची.

आम्ही ठाण्याचे. माहुली, गोरखगड, नाणेघाट हे आमचे नेहमीचे रस्ते. भाची तर कातळ चढतच मोठी झाली. आइसलँड ठरल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, "थंडीत थंडीच्या देशात कशाला?" उत्तर सोपं आहे. हिरवा आइसलँड बघायचा तर जून-जुलै, पण हिमनदी, काळी वाळू आणि बर्फ एकत्र बघायचं तर थंडीच. शिवाय रात्री आकाश मोकळं असेल तर ध्रुवीय प्रकाशाची आशा. (आमच्या वाट्याला ढग आले. तो विषय इथेच सोडतो.)

देश आकाराने महाराष्ट्राच्या एक तृतीयांश, आणि माणसं साधारण चार लाख. एकट्या ठाणे शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांच्या वर होती. "सकाळी घोडबंदर रोडवर याहून जास्त लोक सिग्नलला उभे असतात," इति भावोजी.

शहर सुटल्यावर थोड्याच वेळात रस्त्याच्या कडेला वाफेचे पांढरे लोट दिसू लागले, खालून दिव्यांनी उजळलेले. हे हेलिशेइदी, जमिनीतल्या उष्णतेवर चालणारं वीजकेंद्र, क्षमता सुमारे ३०० मेगावॅट. इथूनच गरम पाण्याचे पाइप रेक्याविकला जातात. हॉटेलात शॉवर सोडला की सडक्या अंड्याचा वास येतो तो याच जमिनीचा, गंधकाचा. ताई म्हणाली, "अगदी वज्रेश्वरी!" वास तोच, पण कारण वेगळं. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांखाली जिवंत ज्वालामुखी नाही. तिथे पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल मुरतं, तापतं आणि वर येतं. इथे खाली चूल खरोखरच पेटलेली आहे. हेलिशेइदीला आणखी एक उद्योग चालतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून खाली बेसॉल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडात, सोडतात आणि त्याचा बहुतांश भाग दोन वर्षांच्या आत खनिज होऊन दगडात बसतो. शास्त्रज्ञ आपल्या दख्खनच्या बेसॉल्टकडेही या नजरेने बघतात, हे मी सांगितलं तेव्हा भाचीने इअरफोन काढले. हा मोठाच सन्मान.

पुढे दिवसभर आम्ही जे बघत होतो ते याच दगडाचं नवं रूप. सह्याद्री उभा आहे तो लाव्हाचे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक साचले त्यावर. आइसलँडचा जुन्यात जुना खडकही दोन कोटी वर्षांच्या आतला. अमेरिका आणि युरेशिया ही भूपट्टं इथे वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने एकमेकींपासून दूर सरकतात आणि मधली फट खालून लाव्हा भरून काढतो. आपल्याकडे लाव्हाचं काम कधीच संपलं, मग पावसाने कोरायला घेतलं. इथे दोन्ही गवंडी एकाच वेळी कामावर आहेत: खालून ज्वालामुखी चढवतोय, वरून बर्फ खरवडतोय.

उजाडलं ते सेल्यालान्द्सफॉसला. साठेक मीटरचा धबधबा, आणि त्याच्या पाठीमागून चालत जाता येतं म्हणून प्रसिद्ध. पण थंडीत ती वाट बर्फाने गुळगुळीत होते, तेव्हा साखळी लावून बंद. वारा मात्र भरपूर. धारेचा खालचा भाग खाली पडतच नव्हता, उडून बाजूच्या कड्यावर जात होता. पावसाळ्यात नाणेघाटात पाणी उलटं वर उडताना ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं अप्रूप वाटणार नाही. फरक एवढाच की नाणेघाटात आपण भिजतो. इथे अंगावर आलेला तुषार जॅकेटवर गोठून कुरकुरीत झाला.

हे पाणी येतं एयाफ्यात्लायोकुलवरून. नाव उच्चारता येत नाही, पण २०१० सगळ्यांना आठवतं. त्या एप्रिलमध्ये हा डोंगर फुटला आणि युरोपातली विमानं जवळजवळ आठवडाभर जमिनीवर बसली. सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. भावोजी तेव्हा ऑफिसच्या कामासाठी फ्रँकफर्टला गेले होते आणि तिथेच अडकले. एवढी राख का उठली, तर माथ्यावर बर्फ होता. तप्त शिलारस वितळलेल्या पाण्याला भिडला की इतक्या झटक्यात थिजतो की त्याचा काचेसारखा बारीक चुरा होतो. तो चुरा जेट इंजिनात गेला की पुन्हा वितळतो आणि आत चिकटून बसतो. म्हणजे नुसता ज्वालामुखी असता तर जगाला इतका ताप झाला नसता. बर्फाने घोळ घातला. भावोजींची पंधरा वर्षांची इच्छा होती की त्या डोंगराला एकदा समोरासमोर बघायचं. डोंगर पूर्ण ढगात होता. "माझे पैसे बुडवले आणि तोंडही दाखवत नाही," म्हणत ते बसमध्ये जाऊन बसले.

पुढचा धबधबा स्कोगाफॉस, रुंद आणि देखणा. साठ मीटर उंच, पंचवीस मीटर रुंद. बाजूने पाचशेवर पायऱ्या आहेत, बर्फ असल्यामुळे आम्ही अर्ध्यातून परतलो. मला धबधब्यापेक्षा त्याच्या आजूबाजूचा कडा आवडला. हा जुना समुद्रकिनारा आहे. हिमयुगाचं ओझं उतरल्यावर जमीन वर आली, नद्यांनी आणि हिमपुरांनी गाळ आणून टाकला आणि समुद्र पाच किलोमीटर मागे गेला. कडा तिथेच उभा राहिला, समोर आता शेतं आणि आखूड पायांचे, दाट आयाळीचे आइसलँडी घोडे. एकदा देशाबाहेर गेलेला घोडा परत आणता येत नाही, असा तिथला कायदा आहे. रोग शिरू नयेत म्हणून.

दिवसाचं मुख्य काम होतं सोल्हेमायोकुल. ही मिर्दाल्सयोकुल नावाच्या प्रचंड बर्फटोपीतून उतरणारी हिमनदी, आणि त्या टोपीखाली कात्ला हा ज्वालामुखी दडलेला. गाडीतळापासून हिमनदीच्या टोकापर्यंत चालत जायला चांगला वेळ लागतो, आणि हे अंतर दरवर्षी वाढतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी नव्हतं असं एक तळं आता वाटेत आहे, त्यात मळकट हिमखंड तरंगतात. जवळच्या शाळेतली मुलं २०१० पासून दर शरद ऋतूत येऊन बर्फ किती मागे गेला ते मोजतात. ताई शिक्षिका, तिला हा प्रकल्प फारच पटला. तिथल्या थंडीत उभं राहूनच तिने तिच्या वर्गाला काय मोजायला लावता येईल याचा विचार सुरू केला.

बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे खाली टोकदार दात असलेले सांगाडे, बांधून, हेल्मेट घालून, हातात बर्फाची कुऱ्हाड घेऊन आम्ही वर चढलो. चालायची रीत वेगळी. सह्याद्रीत आपण पाऊल तिरकं ठेवून घसारा उतरतो. इथे पाऊल सपाट आपटायचं, सगळे दात एकदम रुतले पाहिजेत, आणि पाय फाकवून चालायचं, नाहीतर स्वतःचाच दात स्वतःच्या पँटीत अडकतो. भाची पाच मिनिटांत शिकली. भावोजी बदकासारखे चालत होते, पण खूश होते.

हिमनदी पांढरी असेल अशी माझी समजूत पहिल्या वळणालाच गेली. ती काळी-निळी पट्टेरी आहे. गाइडने एका भिंतीसमोर थांबवून कुऱ्हाडीच्या टोकाने बर्फ खरवडला. आतून बोटभर जाडीचा काळा थर निघाला. ही राख, म्हणाला, आत पडली, तिच्यावर बर्फ पडला, दबला, वाहत वाहत खाली आला आणि आता वितळून उघडी पडतेय. मी हातमोजा काढून चिमूट घेतली. पिठासारखी मऊ असेल असं वाटलं होतं, पण बोटांत चोळल्यावर करकरली. बारीक वाळू आणि काचेच्या भुग्याच्या मधलं काहीतरी. नखात गेलेली ती राख रात्री हॉटेलात ब्रशने घासावी लागली. राखेच्या अगदी शेजारचा बर्फ मात्र स्वच्छ निळा. वरच्या वजनाने दाबून दाबून त्यातली हवा निघून जाते, आणि असा घट्ट बर्फ प्रकाशातला लाल भाग शोषून निळा तेवढा बाहेर सोडतो.

थोडं वर काळे टोकदार ढिगारे होते, कमरेएवढे. राखेचे वाटले, कुऱ्हाडीने टोचल्यावर कळलं की आत सगळा बर्फ, वरून फक्त राखेचा लेप. याचं गणित गंमतशीर आहे. राखेचा थर पातळ असेल तर काळा रंग ऊन शोषतो आणि बर्फ लवकर वितळतो. थर जाड झाला की उलट, तोच पांघरूण होतो. आजूबाजूचा बर्फ खचत जातो आणि हा उंचवटा शिल्लक राहतो. ज्वालामुखी बर्फाला मारतोही आणि राखतोही. मी तिथे फार वेळ रेंगाळलो. गाइड घड्याळ बघायला लागला तेव्हा ताईने पिशवीतून तिळगूळ काढून त्याच्या हातावर ठेवला. संक्रांतीचा उरलेला, तोही इतक्या थंडीत दगड झालेला. त्याने इमानेइतबारे चावला.

जेवण वीक गावात. कोकराच्या मांसाचं गरम सूप, सोबत पाव. ताईसाठी टोमॅटोचं सूप आणि घरून आणलेली गुळपोळी. सूप चांगलं होतं, किंमत सांगत नाही, पुढच्यांचा उत्साह जाईल. गाव इवलंसं, वर टेकडीवर लाल छपराचं पांढरं चर्च. फोटो सगळे त्याचेच काढतात, पण त्या टेकडीचं खरं काम वेगळं आहे. कात्ला फुटला तर वरचा बर्फ वितळून प्रचंड पूर खाली येईल, तेव्हा गावाने चढून जमायची जागा ती. कात्लाचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ सालचा. त्या वेळच्या पुराने इतका गाळ आणला की किनारा समुद्रात पुढे सरकला. दुकानातली मुलगी हे सगळं स्वेटरची घडी घालत घालत सांगत होती, आपण पावसाळ्यात कळव्याच्या रुळांवर पाणी साचल्याचं सांगतो त्या सुरात.

शेवटी रेनिसफ्यारा, काळ्या वाळूचा किनारा. वाळू म्हणजे तोच लाव्हा, समुद्राने कुटलेला. उतरतानाच दिव्यांचा खांब आहे: हिरवा, पिवळा, लाल. पिवळा असेल तर ठरावीक जागेच्या पुढे जायचं नाही. लाल असेल तर किनाऱ्यावर उतरायचंच नाही, वरूनच बघायचं. आमच्या वेळी पिवळा होता. इथल्या लाटा फसव्या आहेत. चार-पाच लहान येतात आणि मग एखादी कितीतरी आत धावून येते, पाय काढून घेते. माणसं वाहून गेली आहेत. तरीही एक जोडपं पाण्याच्या अगदी कडेला पाठ करून सेल्फी काढत होतं. आपल्याकडे धबधब्यावर असाच उच्छाद चालतो, त्यामुळे नावं ठेवायला तोंड नाही.

किनाऱ्याच्या डोक्यावर बेसॉल्टच्या स्तंभांची भिंत आहे. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, तडे जातात आणि ते तडे पृष्ठभागाला काटकोनात खोल जात पाच-सहा कोनी खांब तयार करतात. हुबेहूब हेच अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहे, बरंच उंच आणि कितीतरी जुनं. तिथे तिकीट नाही, बस नाही, वर गावदेवीचं मंदिर आणि खाली चहूबाजूंनी इमारती. भाचीने विचारलं, "मामा, आपण अंधेरीचं कधी बघितलंच नाही?" खरं आहे. लोकल पकडून जायच्या जागांना व्हिसा लागत नाही, म्हणून त्या राहून जातात.

समुद्रात उभे असलेले सुळके म्हणे जहाज ओढून आणणारे राक्षस; पहाट झाली आणि जागच्या जागी दगड झाले. माहुलीवर नवरा, नवरी आणि भटोबा उभे आहेतच. बेसॉल्टचा सुळका दिसला की माणसाला गोष्ट रचल्याशिवाय राहवत नाही, देश कुठलाही असो.

आता जाणाऱ्यांसाठी. स्वतः गाडी चालवायचा मोह थंडीत टाळावा. खिळ्यांचे टायर असले तरी काळा बर्फ (रस्त्यावरचा पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर) आणि आडवा वारा यांची आपल्याला सवय नाही. दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरायचं. वाऱ्याने उलटलेल्या दाराचा खर्च भाड्याच्या गाडीच्या विम्यात सहसा बसत नाही. आतून लोकरीचं, बाहेरून वारा-पाणी अडवणारं घालावं, जीन्स अजिबात नको. पफिन पक्षी थंडीत नसतात, त्यांच्यासाठी जाऊ नये. आणि कुणी एकाच दिवसात योकुल्सारलोन या तळ्यातल्या हिमखंडांपर्यंत नेऊन आणतो म्हणालं तर नकार द्यावा. वीक रेक्याविकपासून १८५ किलोमीटरवर आहे, योकुल्सारलोन त्याच्या जवळजवळ दुप्पट. फेब्रुवारीत त्यातला बराचसा प्रवास अंधारात होतो, आणि खिडकीच्या काचेत स्वतःचाच चेहरा बघायला एवढे पैसे घालवण्यापेक्षा वीकला एक रात्र राहिलेलं परवडतं.