स्लीव्हमोरचे वरंबे

आयर्लंडच्या पश्चिमेला अकिल बेटावर गेलो होतो ते समुद्रासाठी. कील गावात पोचेस्तोवर पावसाने असं झोडपलं की किनाऱ्याचा नाद सोडला आणि गाडी स्लीव्हमोर डोंगराकडे वळवली. दफनभूमीपाशी रस्ता संपतो. तिथून ओसाड गाव सुरू होतं.

डोंगराच्या दक्षिण उतारावर जुन्या वाटेच्या कडेने जवळपास दीड किलोमीटर घरांची रांग. 80 ते 100 घरांचे अवशेष आहेत. चुना नाही, नुसता दगडावर दगड. आपल्या किल्ल्यांवर जोती तरी उरतात. इथे बऱ्याच भिंती उभ्या आहेत, छपरं तेवढी गेली. एका घरात शिरलो. एकच खोली. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, शेण-मूत बाहेर जायला दगडी गटार. आई म्हणाली, "म्हणजे आपल्या पडवीसारखंच की."

तेवढ्यात ऊन आलं, तिरकं. आणि इतका वेळ सपाट हिरवा दिसणारा उतार एकदम रेघारेघांचा झाला.

"अगं, हे तर बटाट्याचे वरंबे!" आईचं माहेर मंचरकडचं. तिला पाटी वाचायची गरज पडली नाही.

गवताच्या पट्टीवर समुद्रातलं शेवाळ नाहीतर शेणखत पसरायचं, त्यावर बेणं मांडायचं, मग दोन्ही बाजूंची गवतासकट माती उलटून वर पालथी घालायची. बाजूला आपोआप चर होतो, पाणी निघून जातं. इंग्रजीत याला 'लेझी बेड' म्हणजे आळशी वाफे म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने कधी कुदळ धरली नसावी. जमीन 'रनडेल' पद्धतीने वाटलेली असे: सुपीक एकालाच, खडकाळ दुसऱ्याला असं नको म्हणून प्रत्येकाचे तुकडे विखुरलेले.

1845 मध्ये बटाट्यावर करपा आला आणि दुष्काळ पडला. पुढे माणसं हळूहळू खाली डूआ गावाच्या किनाऱ्याला सरकली. तरी उन्हाळ्यात गुरं घेऊन याच घरांत येऊन राहायची रीत 1940 च्या दशकापर्यंत टिकली.

आता इथे मेंढ्या चरतात. परतताना वाट सोडून शेतातून उतरलो. चरात माझा बूट घोट्यापर्यंत गेला. आई वरंब्यावरून चालत होती, तिच्या चपला कोरड्या.