पोकळी, वटवृक्ष आणि चौदा चेहऱ्यांचा फ्लेक्स

आमच्या चौकात परवा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, गेलेल्या नेत्याचा फोटो वर कोपऱ्यात पासपोर्ट साइजचा आणि खाली हात जोडलेले चौदा शोकाकुल, त्यातले दोघं गॉगल लावून! मजकूर तोच, कधीही भरून न येणारी पोकळी, वटवृक्ष कोसळला, एका युगाचा अंत. दर दोन वर्षांनी युग संपतं आमच्याकडे.

मला मग टिळक आठवतात. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावर होते, ते खाली पुण्यात आले आणि स्मशानात बोलले. जहाल-मवाळ हा वाद आयुष्यभर चाललेला, सुरतेला १९०७ मध्ये काँग्रेस फुटलेली, तरी ते गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न म्हणाले, आणि वर लोकांना सांगितलं की यांच्याकडे बघा, यांच्यासारखं व्हायचा प्रयत्न करा. हिरा, रत्न हेही छापील शब्दच म्हणा, पण बोलणारा कोण ते बघा ना.

नेहरू गेल्यावर २९ मे १९६४ ला राज्यसभेत वाजपेयी बोलले तेही असंच, अधुरं राहिलेलं स्वप्न, मुकं झालेलं गीत वगैरे. जरा जास्तच काव्य वाटतं मला ते, खरं सांगायचं तर. पण मतभेद होते हेसुद्धा त्यांनी तिथेच बोलून दाखवलं, लपवलं नाही.

फ्लेक्सवरच्या चौदा जणांचा मात्र गेलेल्या माणसाशी कधी साधा वादही झाला नसणार.